उंच गाईच्या लेकी

दादा, मागच्या बुधवारी मी भरल्या सभेत तुम्हाला खोटं ठरवलं. दूध संकलन केंद्राच्या पत्र्याच्या शेडात चाळीसेक माणसं सतरंज्यांवर बसली होती, पुढे टेबल, टेबलावर माझी वही, आणि टेबलामागे मी उभी. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बसून बोलावं असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण बापलेक कामापुरतंच बोलायचो. पण बुधवारपासून मला अन्न गोड लागत नाही, आणि काल माय जे बोलली ते ऐकल्यावर तर हे कुणाजवळ तरी काढल्याशिवाय राहवणार नाही. ज्याच्याजवळ काढायचं ते माणूस तुम्हीच आहात.

मी हल्ली काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. मी गाई मोजते. अंबाजोगाईला पशुसंवर्धनाची पदविका करायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ढोराच्या शिक्षणाला पोरगी पाठिवली म्हणून लोक हसत्यात. हसू दे." ती पदविका पुढे कामाला आली. संकरित गाईंची पैदास सुधारायची म्हणून आमच्या भागात एक प्रकल्प चालतो. त्यात नोंदलेल्या घरी गाय पहिल्यांदा व्याली की महिन्या-दोन महिन्यांनी मी जाते. कमरेच्या हाडाशी पट्टी धरून उंची घेते, छाती किती रुंद, पोट किती खोल ते पाहते, मागे उभी राहून पाय सरळ आहेत की सांध्यात आत वळलेत ते पाहते, खुराचा उतार पाहते, आणि मग वाकून कास पाहते. पुढून पोटाला घट्ट धरलेली आहे का, किती लोंबते, मधली खाच किती खोल आहे, सड कुठे आलेत. प्रत्येकाला एक ते नऊमधला आकडा द्यायचा. नऊ म्हणजे चांगलं असं नाही. नऊ म्हणजे त्या बाजूचं टोक; उंचीला नऊ म्हणजे फार उंच, खुराला एक म्हणजे अगदी आडवा, कासेला एक म्हणजे पुढून अगदी सैल. पहिल्या पहिल्यांदा मला हे तुमच्याच बाजारात जनावर पारखायच्या कामासारखं वाटायचं, फक्त तुम्ही ते उभ्या उभ्या, तंबाखू मळता मळता करायचात आणि वहीत काही लिहीत नव्हतात.

या आकड्यांचं पुढे काय होतं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. आमच्या प्रकल्पाला जनावरांचे एक डॉक्टर आहेत, वयानं माझ्याहून लहान, कमी बोलणारे. त्यांनी एकदा दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून मला दाखवलं. एकीत पहिल्या वेताला घेतलेली मापं, दुसरीत ती गाय किती वेतं दावणीला टिकली. एकट्या गाईवरून काही समजत नाही, कारण एखादी वैरण संपली म्हणून विकली जाते, एखादीला साप चावतो. पण एकाच वळूच्या पुष्कळ लेकी वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या हातांखाली वाढल्या आणि तरी सगळ्यांची गत एकच झाली, तर ते रक्तातून आलेलं असतं. माझी समजूत होती की उंच, भरदार, रुंद छातीची गाय जास्त टिकत असेल. आपल्या बाजारात सगळ्यांचीच तशी समजूत होती. तसं नव्हतं. उंचीचा आणि टिकण्याचा मेळच बसत नव्हता, आणि फार उंच, फार खोल पोटाच्या तर उलट लवकर जात होत्या. टिकत होत्या त्या ज्यांची कास पुढून घट्ट आणि मागच्या पायाच्या सांध्याच्या वर राहिलेली होती, आणि ज्यांचे खूर उभे होते.

विचार केला तर साधं आहे. लोंबती कास शेणात बरबटते, उठता-बसता तिच्यावर पाय पडतो, सुजून दगडीचा रोग होतो, एक सड जातो, मग दुसरा. खूर आडवा पसरला की टाच जमिनीला टेकते, टाचेला जखम होते, गाय उभी राहायला नको म्हणते, कमी खाते, माजावर येत नाही, गाभण राहत नाही, आणि एक दिवस टेम्पो येतो. डॉक्टर म्हणाले, "ताई, गाय किती वर्षं टिकेल हे कळायला ती म्हातारी व्हायची वाट बघायची गरज नाही. पहिल्या वेतालाच तिच्या अंगावर लिहिलेलं असतं." त्यांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. उंची आईबापाकडून लेकीत सहज उतरते, म्हणून उंच गाईंची घराणी लोकांच्या डोळ्यांत भरतात. खुराचं तसं नाही. ते थोडं थोडं उतरतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या तसंच चालत राहतं.

आबांची उंच गाय तुम्हाला आठवते का, असं मी विचारणार नाही. आबा तेव्हा नुकते सरपंच झाले होते. आता तालुक्याच्या राजकारणात त्यांना विचारल्याशिवाय काही हलत नाही. त्यांनी पहिला मोठा गोठा बांधला आणि त्यात शोभेल अशी गाय पाहिजे म्हणून तुम्हाला सांगितलं. लोक तुम्हाला हेडी म्हणायचे. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून जनावराचा सौदा जुळवणारा माणूस. तुमचा सगळा जन्म बैलांत गेला होता. बैलाला तुम्ही भुसभुशीत मातीतून चालवायचात आणि मागचं पाऊल पुढच्याच्या ठशात पडतं का ते बघायचात. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि तुम्ही गाईंकडे वळलात. तरी पायाच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे शब्द होता. परळीकडचे व्यापारी सुद्धा सौदा पक्का करायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघायचे.

मी एकोणीस वर्षांची होते, सुटीत घरी आले होते, आणि त्या सुटीत तुम्ही मला दर आठवड्याला बाजारात नेलंत. बाजारात तेव्हा बायका दिसायच्या त्या भजी तळणाऱ्या नाहीतर बांगड्या विकणाऱ्या. मला अभिमान वाटायचा. मी तुमच्या मागे मागे गाई बघत हिंडायचे आणि कॉलेजात शिकलेलं ताडून पाहायचे. एका आठवड्यात तुम्ही एका शेतकऱ्याला गाय दाखवत होतात आणि मी मोठ्यानं बोलून गेले, "दादा, हिचा मागचा एक सड बंद आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पोरगी हाय. पुस्तकात वाचून आलीय." मग तेही हसले. दहा-पंधरा माणसं. सौदा मोडलाच. परतताना एसटीत तुम्ही एवढंच बोललात, "बाजारात तोंडाला कुलूप लावायचं. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई." घरी येऊन मी तुम्हाला पाणीही दिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ती उंच गाय आली. काळी-पांढरी, तुमच्या छातीच्या वर तिची पाठ, मान लांब, चालली की लोक बाजूला सरायचे. आबा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच बदलला. उभी होती तेव्हा तिच्यात काही खोट दिसली नसती. पण विकणाऱ्यानं तिला चालवली आणि मी मागून पाहिलं. मागच्या दोन्ही पायांची टाच मातीला टेकत होती. खूर लांब, आडवे, पुढे निसटलेले. कास भरलेली होती, मोठी दिसत होती, पण पुढून पोटापासून सुटायला लागली होती. तुम्ही तिच्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, पाठीवरून हात फिरवलात, कास दाबून पाहिलीत, पायावरून हात खाली नेलात. गाईनं पाय झटकला, तुम्ही हात मागे घेतलात. मग आबांकडे वळून म्हणालात, "सोनं हाय. डोळे झाकून घ्या."

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की तुम्ही पाहिलं होतं. ज्यांच्या हातून बैलाचा पाय कधी चुकला नाही त्यांना टाच दिसली नसेल कशी? दिसली, आणि तरी खपवली, कारण हेडीचं काम खपवायचं असतं. पुढे तुम्ही बाजार सोडलात तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सोडलात असं मी धरून चालले. आणि तुम्ही गेलात तेव्हाही, खरं सांगते, माझ्या मनात त्या गाईची टाच होती.

ती गाय आबांकडे तीन वेतं टिकली. तिच्या दोन लेकी झाल्या, त्यांच्या लेकी झाल्या. सगळ्या उंच. आबांच्या बैठकीत तिचा फोटो अजून आहे, आबा तिच्या गळ्यात हात टाकून उभे. तिच्या नातीला झालेला वळू आबांनी ठेवला, आणि गेली काही वर्षं आसपासच्या गाईंना तो लागत आला. त्याच्या पहिल्या लेकी व्यायला लागल्या तेव्हा मापं घ्यायला मी गेले. पहिल्या घरी वाकले आणि तशीच वाकलेली राहिले. तीच टाच. दुसऱ्या घरी तीच. तिसऱ्या घरी कास सांध्याच्या खाली आलेली, पहिल्याच वेताला. मी मागचं सगळं शोधलं. जे वहीत नव्हतं ते आबांच्या गड्याला विचारलं. त्या उंच गाईच्या वंशात चौथ्या वेतापर्यंत पोचलेली एकही गाय मला सापडली नाही.

आणि आता प्रकल्पाला एक वळू निवडायचा होता, ज्याचं रेत सगळ्या नोंदलेल्या घरी जाणार. दोन नावं पुढे होती. एक आबांचा. दुसरा एका म्हातारीच्या गाईचा. त्या बाईचा मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात ते उन्हाळ्यात परततात. तोवर घरात म्हातारी, दोन नातवंडं आणि ही गाय. ठेंगणी, रंगाला मळकट, कुणी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढणार नाही. पण आठवं वेत चालू आहे, कास अजून वर, खूर उभे. म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, हिला कदी डाक्टर लागला न्हाई. लोक म्हणत्यात खुजी हाय. खुजी हाय तर हाय."

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी आबांनी मला बोलावून घेतलं. फोटोखाली बसवलं, चहा दिला. आवाज अगदी मऊ. "पोरी, उद्या आपला वळू लागला पायजे. गावाचं नाव व्हईल." मी म्हटलं, "आबा, मी फक्त वाचून दाखवते. ठरवणार डॉक्टर आणि सभा." ते म्हणाले, "वाचायचं काय, ते तर तुझ्याच हातात हाय की. पायाचा आकडा दोनाचा पाच झाला तर कुणाचं घर बुडतं?" मी कप खाली ठेवला. मनात आलं, घर बुडतंच. कालवडीला अडीच-तीन वर्षं पोसायचं, तिसऱ्या वेताला कुठे ती भरात येते, आणि तेव्हाच ती लंगडी होऊन टेम्पोत चढायची. येते म्हणून उठले.

सभेत मी वाचायला लागले. ठेंगण्या गाईचं आधी वाचलं, मग आबांच्या वळूच्या लेकींचं. उंची सात, आठ, आठ. माणसं माना डोलवत होती. मग खूर वाचले. दोन, एक, दोन, दोन. कासेची पुढची बाजू, दोन, तीन, दोन. आबांनी हात वर केला. "ताई, आमच्या गोठ्यात सिमिटाची फरशी हाय. फरशीवर खूर झिजत्यात. त्यात रक्ताचा काय दोष?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला बाजारातली ती माणसं आठवली. मी म्हटलं, "आबा, तुमच्याच फरशीवर दुसऱ्या वळूच्या तीन गाई आहेत. त्यांचे खूर उभे आहेत. आणि तुमच्या वळूच्या लेकी वस्तीवर मातीत उभ्या आहेत, तिथंही टाच टेकते." डॉक्टरांनी मान हलवली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बराबर हाय की."

तेव्हा आबा उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश म्हणाले, "ह्या वंशाची पैली गाय माझ्या दारात कुणी आणली? हिच्या बापानं. भर बाजारात म्हणला, सोनं हाय, डोळे झाकून घ्या. पायाची पारख त्या माणसाची, साऱ्या तालुक्याला म्हाईत. आता ही म्हणती, त्या गाईचे पायच खराब व्हते. तर मग सांग पोरी. तुझा बाप खोटा का तू खोटी?"

म्हातारी पहिल्या रांगेत होती, तिनं पदर तोंडाशी धरला. डॉक्टर वहीत बघत होते. मी गप्प बसले असते तर वळू लागला असता. वडलांची चूक झाली म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढा पारखी माणूस चुकला तर ही पोरगी चुकणार नाही कशावरून? हे सगळं मी त्या क्षणी विचार करून बोलले असं नाही. तोंडातून निघालं. "माझ्या वडलांना माहीत होतं. मी तिथं होते. त्यांनी टाच पाहिली होती. ते हेडी होते आबा, त्यांना गाय खपवायची होती. त्यांनी तुम्हाला फसवलं."

मग एक एक करून माणसं माझ्याकडे बघायची थांबली, आणि मला समजलं की त्यांनी माझं मानलं. डॉक्टर म्हणाले, हात वर करा. ठेंगण्या गाईच्या बाजूला इतके हात आले की मोजायची गरज पडली नाही. आबा निघताना माझ्या टेबलाजवळ थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या वहीवर कुणी इस्वास ठिवला नसता. मेलेल्या बापाला खोटं म्हणलीस, म्हणून ठिवला."

गुरुवारी मी मापं घ्यायला गेले तर दोन घरांनी दारातूनच सांगितलं, "आज न्हाई ताई, गाय बुजती." शुक्रवारी आणखी एकानं. आबांच्या गोठ्याचं फाटक तर बंदच झालं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या. मी हो म्हटलं. मला फाटकाचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं की कुणीतरी एकानं तरी म्हणावं, तुझे वडील तसे नव्हते. कुणी म्हणालं नाही.

काल मी घरी गेले. माय ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही, पाणी आणायला उठली नाही. मी चप्पल काढून बाजूला बसले. दाणे निवडता निवडताच म्हणाली, "सभेत काय म्हणलीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांला म्हाईत व्हतं म्हणलीस?"

"हो. मी तिथं होते माय."

"तू तिथं व्हतीस. म्हणून तुला काय म्हाईत?" तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "त्यांला दिसतच नव्हतं त्या साली. दोनी डोळ्यांवर पडदा आलता. चहाचा कप चाचपून घ्यायचे. तुला कालिजाला जाताना बूट आणलते, दोन नंबर मोठे. दुकानदाराला नंबर वाचून दाखव म्हणायची लाज वाटली. मला शपत घातलती, कुणाला सांगू नको. डोळे गेलेल्या हेड्याला बाजारात कोण उभं करतंय?"

मी म्हटलं, "ऑपरेशन तर नंतर झालं, दोन वर्षांनी." अंबाजोगाईच्या दवाखान्यात मीच तर तुमच्याबरोबर होते. मोतीबिंदू आत्ताच आलाय असं तुम्ही मला सांगितलं होतं.

"तुला तसं सांगितलं. तुला बाजारात का म्हून नेत व्हते, तुला काय वाटलं? मी भांडले, तरणीताठी पोर माणसांत कशाला नेता म्हणून. तवा म्हणले, मला दिसंना. ती शिकलेली हाय. तिचे डोळे माझ्या कामाला येतेल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पट्टी सुटली तवा पैल्यांदा कुटं गेले? आबाच्या गोठ्यावर. त्या गाईच्या लेकी बघून आले. ह्याच ओट्यावर बसले. भाकरी पुढं ठिवली ती तशीच राह्यली. म्हणले, टाच टेकती. मला दिसलं न्हाई. पोरीला इचारलं व्हतं, पर लहान हाय, तिलाबी न्हाई कळलं. त्यानंतर बाजाराचं नाव काडलं न्हाई त्यांनी."

मी सुपातले दाणे बोटानं चाळत राहिले. मायला वाटलं मला रडू येतंय, म्हणून तिनं शेवटी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "तुझा काय दोष? एकुणीस वर्साची व्हतीस. तुला काय कळणार व्हतं." मी मान हलवली.

आज सकाळपासून मी विचार करते आहे की आबांकडे जाऊन सांगावं, वडलांनी तुम्हाला फसवलं नाही, मी खोटं बोलले. ते माझं तोंड बघत राहतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा बोलावतील. मग खूर, कास, वही, सगळंच खोटं ठरेल, आणि तो वळू शंभर गोठ्यांत जाईल. गाईंबद्दल मी जे वाचलं त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. पण लोकांनी तो मानला तो तुमच्या नावावर. म्हणून मी जाणार नाही. तालुक्यात तुम्ही लबाड हेडी म्हणूनच राहाल, निदान मी आहे तोवर. हे लिहिलेलंही मी कुणाला दाखवणार नाही, मायला तर नाहीच.

वर त्या बाजाराचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. सभेतही गाळली, काल मायसमोरही. गाईनं पाय झटकल्यावर तुम्ही आबांकडे लगेच वळला नाहीत. आधी माझ्याजवळ आलात, इतके जवळ की तुमच्या तंबाखूचा वास आला, आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलंत, "पाय कसे हायत गं?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण थोडं बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. मला वाटलं तुम्ही पुन्हा माझी चेष्टा करायला बघताय. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नव्हते. मी म्हटलं, "चांगले हायत." तुम्ही म्हणालात, "नीट बघितलंस?" मी म्हटलं, "हो." आणि तुम्ही ज्या विश्वासानं वळलात ते बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं, की आता चुका एकदा, सगळ्यांसमोर.

तुम्ही मायला म्हणालात, तिला नाही कळलं. मला कळलं होतं, दादा.